कोंकची चोरलेली देवी

तुलूझ

ती. आजीस,
शि. सा. नमस्कार.

मागे फोनवर तू विचारलं होतंस, तिकडे जागृत देवस्थानं असतात का. असतात! परवा इथल्या, फ्रान्समधल्या, कोंकला जाऊन आले. डोंगरउतारावर चिकटलेलं इवलंसं गाव, छपरांवर कौलांऐवजी पातळ दगडाच्या चिपा. पण तुला सांगायचीय ती चोरीची गोष्ट.

इथली देवी म्हणजे संत फ्वा, आजाँ गावची कोवळी पोर. रोमनांनी तिला धर्मापायी मारलं म्हणतात. तिच्या अस्थी आजाँलाच होत्या आणि कोंकच्या मठाकडे यात्रेकरू फिरकत नव्हते. मग इथला एक साधू आजाँच्या मठात जाऊन, म्हणे, दहा वर्षं राहिला, विश्वास कमावला आणि ८६६च्या सुमारास अस्थी उचलून पसार झाला. वर मखलाशी अशी, की संतालाच इकडे यायचं होतं!

मग गावाचं नशीबच फळफळलं. ल पुई या फ्रेंच गावाहून स्पेनमधल्या सांतियागो या तीर्थाला पायी जाणारे इथं मुक्काम करू लागले. आजही करतात, पिशवीला यात्रेची खूण म्हणून शिंपला बांधून. ल पुई ते कोंक सुमारे २०० किलोमीटर. तुझ्या वारीचीच आठवण आली, फक्त इथं टाळ-मृदंग नाहीत आणि बरेच जण एकेकटे चालतात.

चर्चच्या दारावर बाराव्या शतकातला शेवटचा निवाडा, म्हणजे जगाच्या अंती देव करतो तो पापपुण्याचा न्याय, कोरलाय, तब्बल १२४ आकृत्या. नरकात कंजूष गळ्यातल्या थैलीसकट फासावर लटकतोय आणि शिकाऱ्याला चक्क ससा भाजतोय. बाबा तिथून हलले नसते.

फ्वाची मूर्ती लाकडाची, वर सोन्याचा पत्रा आणि भाविकांनी वाहिलेले खडे. राज्यक्रांतीत चर्चची संपत्ती जप्त होऊ लागली, तेव्हा गावकऱ्यांनी हा खजिना लपवून ठेवला आणि पुढे सगळा परत आणून दिला. सोन्याला हात न लावणाऱ्या याच गावाने मठाच्या चौकाचे दगड मात्र बांधकामाला नेले. १८३७ मध्ये मेरिमे हा सरकारी निरीक्षक आला आणि त्याने चर्च सावरायला लावलं, म्हणून ते उभं आहे.

खिडक्यांच्या काचा १९९४च्या, पियेर सुलाज या चित्रकाराच्या. रंग नाही, चित्र नाही. तुला कदाचित भकास वाटतील, मला फार आवडल्या.

इकडे आलीस की नेईन तुला, पण चढ जबर आहे. गुडघ्याचं तेल रोज लावतेस ना?

तुझी,
सोनू