कुत्र्याला 'फिट आली' एवढं सांगून भागत नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पेपरात कुत्रं येतं ते चावल्यावरच, म्हणून म्हटलं आपणच लिहावं. आम्ही मानेवाड्यात राहतो. तान्ह्या पोळ्याच्या पहाटे आमचा शेरू, गावठी, साडेतीन वर्षांचा, एकदम आडवा पडला, चारही पाय सायकल मारल्यासारखे, तोंडाला फेस, जागेवरच सू. शेजारच्या काकू चप्पल घेऊन आल्या, कोणी कांदा आणला, आणि आमच्या भावानं त्याच्या तोंडात चमचा घालायला पाहिला. बोट थोडक्यात वाचलं बावा! जीभ गिळत नसते हो, फक्त आपल्याला चावा बसतो. दोन मिनिटांत थांबलं, मग हा उठून भिंतीला धडकत फिरला, दिसतच नव्हतं त्याला, आणि नंतर आदल्या दिवशीच्या उरलेल्या दोन पुरणपोळ्या एका दमात गिळल्या.

पहिल्या डॉक्टरनं "फिट आहे" म्हणून गोळ्या लिहून दिल्या, विचारलं काहीच नाही. चार दिवसांनी परत तेच झालं म्हणून दुसरीकडे गेलो. त्या मॅडमनी अर्धा तास नुसतं विचारलं, आधी काय झालं, तेव्हा काय झालं, नंतर काय. तेव्हा आठवलं की आदल्या संध्याकाळी त्याचा डावा ओठच फडफडत होता न् हा हवेत माशा पकडल्यासारखं करत होता, आम्ही हसलो होतो. म्हणे ती पण फिटच असू शकते, मेंदूच्या एका भागातली, फोकल, तीच पसरली की अख्खं अंग ताठ होतं.

त्यांनी समजावलं ते असं की फिट आली म्हणजे मिरगीच असं नाही. साखर उतरली, लिव्हर-किडनी बिघडली, विष पोटात गेलं, नाहीतर आपल्या मे महिन्यात दुपारी छतावर बांधून ठेवला न् ऊन लागलं, यातही फिट येते, पण ती मिरगी नाही, मूळ कारण दुरुस्त करा. मेंदूतच गाठ, जुना मार नाहीतर डिस्टेंपर (कुत्र्यांचा विषाणूचा आजार) असेल तर ती वेगळी जात, तिथे एमआरआयपर्यंत जावं लागतं. आणि काहीच सापडत नाही, पहिली फिट ६ महिने ते ६ वर्षांच्या वयात आलेली, दोन फिटांत २४ तासांहून जास्त अंतर, मधल्या काळात कुत्रं ठणठणीत, तर ती इडिओपॅथिक, म्हणजे कारण न सापडणारी मिरगी, बहुतेक आनुवंशिक. २०१५ मध्ये जगातल्या तज्ज्ञांनी बसून ही वाटणी ठरवली. शेरू यात बसला, पण रक्ताचे रिपोर्ट आल्यावर, आधी नाही. मेडिकलवाल्यानं चिठ्ठी पाहून विचारलं, "पेशंटचं आडनाव?"

मांजरांचं आणखी वेगळं. मेहुणीनं गोचीडासाठीचे कुत्र्याचे थेंब मांजरीच्या मानेवर टाकले, ते परमेथ्रिनवाले, मांजरीला ते विषच, रात्रभर थरथर न् फिट. वाचली. तिला कोणी मिरगीची गोळी चालू केली असती तर? म्हाताऱ्या मांजरांना तर फॉइल चुरगाळल्याच्या नाहीतर चमचा वाजल्याच्या आवाजानंही फिट येते, ऐकून मला आधी खोटंच वाटलं.

तर आपल्या पुरवणीत एक चौकट छापा एवढंच म्हणणं आहे. फिट आली की तोंडात काही घालू नका, पंखा लावा, सामान बाजूला करा, मोबाईलवर व्हिडिओ काढा आणि घड्याळ बघा. ५ मिनिटांवर गेली किंवा शुद्धीवर न येता परत लागली तर रात्र असो का पहाट, दवाखाना. एका दिवसात दोनदा आली तरी थांबू नका. आणि बरं वाटतंय म्हणून गोळ्या मनानं बंद करू नका, फिट उलटून जोरात येते. सेमिनरी हिल्सच्या व्हेटर्नरी कॉलेजला विचारलं तर ते लिहूनही देतील असं वाटतं.

आमच्या घरच्या कॅलेंडरवर दुधाच्या हिशोबाशेजारी मी लाल पेनानं 'फि' लिहितो. या महिन्यात फक्त दूधच आहे.

आपला,
एक वाचक, मानेवाडा, नागपूर