‘डॉक्टर’ लिहिताना एंटर दाबला जातो

प्रति,
मा. संपादक,
स.न.वि.वि.

मी तालुक्याच्या गावी टायपिंग क्लास चालवते. क्लासमधल्या डेस्कटॉपवर मुलामुलींचा हात बसतो आणि घरच्या लॅपटॉपवर तोच हात बिथरतो. अक्षरांच्या कळा सगळीकडे जागच्या जागी असतात. त्रास होतो तो कडेच्या कळांचा. त्या कुठे ठेवायच्या, केवढ्या करायच्या, हे प्रत्येक कंपनी आपल्या मर्जीने ठरवते.

डावा खालचा कोपराच घ्या. एका लॅपटॉपवर तिथे कंट्रोल असते, दुसऱ्यावर एफएन (आवाज, उजेड अशा जादा कामांसाठी दाबायची कळ), आणि कंट्रोल एक घर आत. मराठी टाइप करताना एखादा परिच्छेद निवडून कॉपी करायला जावे, करंगळी सवयीने कोपऱ्यात पडते, आणि परिच्छेद जाऊन त्या जागी एकटा ‘म’ उभा राहतो. (इनस्क्रिप्ट या भारतीय लिप्यांच्या प्रमाण कीबोर्ड-मांडणीत सीच्या कळीवर ‘म’ आहे.) डिलीटला खेटून पॉवरचे बटण बसवण्याची कल्पना ज्याला सुचली, त्याने स्वतः कधी दोन पाने टाइप केली नसावीत.

पण मराठी लिहिणाऱ्याला खरा फटका बसतो तो उजव्या टोकाला. इनस्क्रिप्टमध्ये स्वरांच्या खुणा डाव्या हाताला आणि व्यंजने उजव्या हाताला, अशी सोपी वाटणी आहे. ‘ॉ’ मात्र उजवीकडे, बॅकस्लॅशच्या (\) कळीवर. शिफ्ट धरली की त्याच कळीवर ‘ऑ’. आडव्या एंटरच्या कीबोर्डवर ही कळ एंटरच्या वर, चांगली ऐसपैस असते. ब्रिटिश पद्धतीच्या उभ्या एंटरमध्ये ती आकसून खालच्या ओळीत येते आणि बॅकस्लॅशची छापील खूण थेट डाव्या शिफ्टजवळच्या एका जादा कळीवर जाते. खूण बघून तिथे बोट नेले तर ‘ॉ’ मिळत नाही. सवयीने जुन्या जागी नेले तर एंटर दाबला जातो: ‘ड’ वरच्या ओळीत आणि ‘क्टर’ खाली. ऑफिस, कॉलेज, हॉस्पिटल, कॉन्ट्रॅक्ट. सरकारी कागदावर हे शब्द किती वेळा येतात ते वेगळे सांगायला नको.

आपल्याकडे मानक नाही असेही नाही. इनस्क्रिप्ट 1986 पासून आहे, 1991 च्या आयएस 13194 या भारतीय मानकात त्याला जागा मिळाली आणि 2016 मध्ये आयएस 16350 ने त्याची सुधारित आवृत्ती आली. कोणत्या कळीवर कोणते अक्षर, हे त्यात ठरले. पण ती कळ लॅपटॉपवर नेमकी कुठे असावी आणि तिच्यावर देवनागरी छापावे की नाही, हे विकणाऱ्यावर सोडले आहे. रुपयाचे चिन्ह 2010 मध्ये आले, तरी चारच्या आकड्यावर नुसता डॉलर मिरवणारे लॅपटॉप अजून दुकानात दिसतात. उलट 2024 पासून कोपायलटची (मायक्रोसॉफ्टच्या एआय मदतनिसाची) नवी कळ आली, तीही बहुधा उजव्या कंट्रोलला उठवून. म्हणजे छोट्या लॅपटॉपवर जागा नसते ही सबब कंपन्यांना हवी तेव्हाच आठवते.

हल्ली पोरे उच्चारावरून किंवा बोलून टाइप करतात, मग इनस्क्रिप्टचे एवढे काय, असे कुणी म्हणेल. घरगुती निरोपाला ते ठीक आहे. दिवसभर टिपण्या आणि पत्रे टाइप करणाऱ्याला न बघता बोट पडावे लागते, आणि ‘ॉ’ची कळ लागली नाही तरी कंट्रोल आणि डिलीट उच्चारावरून टाइप करणाऱ्यालाही लागतातच.

मोबाइलच्या बाबतीत सरकारने कंपन्यांवर अशी सक्ती करून दाखवली आहे. आयएस 16333 नुसार हँडसेटवर इंग्रजी, हिंदी आणि आणखी किमान एका भारतीय भाषेत टाइप करता आले पाहिजे, आणि सर्व 22 अधिकृत भाषा वाचता आल्या पाहिजेत. लॅपटॉपला अशीच अट का नसावी? मात्र ती बंधनकारक हवी. फ्रान्सने 2019 मध्ये आपल्या कीबोर्डचे नवे मानक काढले, पण ते ऐच्छिक ठेवले. त्यामुळे तिथल्या दुकानांत अजून बहुतेक जुनेच कीबोर्ड चालतात.

कायद्याला वेळ लागेल, पण राज्य सरकार स्वतःच मोठे गिऱ्हाईक आहे. शाळा आणि कचेऱ्यांसाठी जेम या सरकारी खरेदीच्या पोर्टलवरून लॅपटॉप घेताना निविदेत घालावे: कंट्रोल कोपऱ्यात, एंटर आडवा, पॉवर डिलीटपासून दूर, कळांवर देवनागरी आणि रुपया छापलेला. जर्मनीसाठी झेड आणि वाय यांची अदलाबदल करून, जपानसाठी काना लिपी छापून याच कंपन्या कीबोर्ड बनवतात. मोठी ऑर्डर समोर असताना त्या महाराष्ट्राला नाही म्हणणार नाहीत.

आपली,
एक टंकलेखन शिक्षिका, जि. सातारा