फोटो रद्दीत देण्याआधी मागे नावं लिहा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

नौपाड्यातली आमची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली, घर रिकामं करताना माळ्यावरची आईची पत्र्याची ट्रंक खाली काढली. दोन पिशव्या कागद मी न बघताच रद्दीवाल्याला दिले, तिसरी देताना वरच एक फोटो दिसला आणि हात थांबला. आधीच्या दोन पिशव्यांत काय गेलं ते आता कधीच कळणार नाही, याचं फार वाईट वाटतं.

फोटो तलावपाळीचा. मासुंदा काठोकाठ भरलेला, काठाला सायकल टेकवून तिघं उभे, मधल्याची छत्री अजून उघडी. काठावरचं गडकरी रंगायतन नाट्यगृह कुठे दिसत नाही, ते सत्तरच्या दशकाच्या शेवटी उभं राहिलं, म्हणजे फोटो त्याआधीचा. मागे पेन्सिलीने फक्त ‘पाऊस थांबल्यावर’. नावं नाहीत. आई होती तोवर एका मिनिटात कळलं असतं.

एक पोस्टकार्ड निघालं, आत्याने कल्याणहून आजोबांना लिहिलेलं. ‘पापड धाडले आहेत, संध्याकाळच्या गाडीने कोणी येणार असेल तर डबा परत पाठवणे’, बास एवढाच मजकूर. पत्त्यात ‘ठाणे, जी. आय. पी. रेल्वे’, पिनकोड नाही. जीआयपी म्हणजे इंग्रजांच्या काळातली रेल्वे, तिची मध्य रेल्वे झाली नोव्हेंबर १९५१ मध्ये आणि पिनकोड आले १९७२ ला, त्यामुळे कार्ड बरंच जुनं असणार. १६ एप्रिल १८५३ ला पहिली गाडी बोरीबंदरहून ठाण्याला आली हे शाळेतल्या प्रत्येक पोराला पाठ असतं, पण त्या गाडीतून घरोघरी पापडाचे डबे जायचे-यायचे हे कुठल्या पुस्तकात सापडणार?

आणि सगळ्यात भारी म्हणजे एका गणेशोत्सव स्मरणिकेतली खानावळीची जाहिरात. ‘राईस प्लेट ६२ नवे पैसे, मासिक मेंबर घेतले जातील, वागळे इस्टेटच्या कामगार बंधूंची खास सोय’. स्मरणिकेचं कव्हरच गेलंय त्यामुळे साल कुठेच नाही, पण बघा, नवे पैसे आले १९५७ ला आणि १९६४ ला त्यातला ‘नवे’ शब्द गेला, एमआयडीसी १९६२ ची आणि वागळे इस्टेट तिची अगदी सुरुवातीची औद्योगिक वसाहत, म्हणजे जाहिरात साधारण त्या दोन वर्षांतली. तेव्हा कारखाने नुकते उभे राहत होते, पोरं गावाहून एकटी आलेली, आणि त्यांना जेवायला घालणारी माणसं आमच्या गल्लीत होती! मी इथेच लहानाची मोठी झाले तरी ही खानावळ मला माहीत नव्हती.

आज नौपाडा, चरई, पाचपाखाडीत अशा किती ट्रंका खाली उतरत असतील. माझी कळकळीची विनंती आहे, द्यायच्या आधी एकदा चाळा, घरातल्या म्हाताऱ्या माणसाजवळ बसून कोण, कुठे, साधारण कधी ते फोटोच्या मागे मऊ पेन्सिलीने लिहा, बॉलपेन नको, त्याचा दाब पुढे उमटतो. महापालिकेनेही वाचनालयात एखादा स्कॅनर आणि माणूस बसवावा, लोक कागद घेऊन येतील आणि स्कॅन करून घरी परत नेतील, मूळ वस्तू कुणाला द्यायचीही गरज नाही.

आणि नौपाड्यातली ती खानावळ कुणाला आठवत असेल, कुणाचे वडील तिथे मेंबर असतील, तर याच सदरात जरूर लिहा. मी वाट बघतेय.

आपली,
एक वाचक, नौपाडा, ठाणे