जर्मनीत प्रवेश मिळाला, पण खोलीचे काय?

महोदय,

जर्मनीला शिकायला जाणाऱ्या आपल्याकडील विद्यार्थ्यांची धावपळ एपीएस प्रमाणपत्र (शैक्षणिक कागदपत्रांच्या पडताळणीचे) आणि व्हिसा यांतच संपते व राहण्याची सोय मागे पडते. व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये सप्टेंबर 2024 पासून वर्षाचे 11,904 युरो दाखवावे लागतात. मात्र तेथे गेल्यावर त्यातून महिन्याला 992 युरोच काढता येतात आणि म्युनिकसारख्या शहरात त्यांतील मोठा वाटा भाड्यातच जातो, हे पालकांनी कर्जाचा आकडा ठरवतानाच ध्यानात घ्यावे. श्टुडिरेंडेनवेर्क या तेथील विद्यार्थी-सेवा संस्थेची वसतिगृहे तुलनेने स्वस्त असली तरी त्यांची प्रतीक्षायादी लांबलचक असते, म्हणून जिथे मुभा असेल तिथे प्रवेशपत्राची वाट न पाहता अर्ज करावा.

खरी भीती फसवणुकीची आहे. ‘मी सध्या परदेशात आहे, अनामत पाठवा, किल्ली कुरिअरने येईल’ असा देखण्या फोटोंसह आलेला संदेश आमच्या परिचयातील एका मुलीने खरा मानला आणि तिचे पैसे बुडाले. खोली कोणीतरी प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय एक पैही पाठवू नये. जर्मन कायद्यानुसार तीन महिन्यांच्या मूळ भाड्याहून अधिक अनामत मागता येत नाही. शिवाय राहायला गेल्यावर दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी करावी लागते आणि त्या नोंदणीसाठी घरमालकाचे लेखी प्रमाणपत्र लागते. ते द्यायला नकार देणाऱ्याची खोली कितीही स्वस्त असली तरी घेऊ नये.

विद्यापीठांच्या मार्गदर्शन कक्षांनी ही माहिती विद्यार्थ्यांना व्हिसाच्या अर्जाआधीच, मराठीतून द्यावी, अशी विनंती आहे.

– एक पालक, पुणे