गार इंजिनाला दिवसातून एकच प्रश्न विचारता येतो

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र परवा मिळालं. चार पानांपैकी साडेतीन पानं गाडीची आणि उरलेल्या अर्ध्या पानात तुझी कंबर, मुलांच्या परीक्षा आणि वहिनींची बदली, सगळं कोंबलेलं! वहिनींनी वाचलं असतं तर तुझी धडगत नव्हती. पण मला काही बोलायचा हक्क नाही. दोन वर्षांपूर्वीच्या थंडीत मीही असाच झालो होतो.

तू लिहिलेलं तीनदा वाचलं. थंडीच्या सकाळी गाडी एका सेल्फमध्ये लागते, पण लागल्यावर अंगात आल्यासारखी थरथरते. रेस दिली की आचका देते, सायलेन्सरमधून फट्-फट् आवाज येतो आणि सात-आठ मिनिटांनी जणू काही घडलंच नाही अशी शहाण्यासारखी चालते. दुपारी, संध्याकाळी काही तक्रार नाही. यावर तू प्लग बदललेस, कॉइल बदलली, पेट्रोलचा फिल्टर बदलला आणि आता पेट्रोलचा फवारा मारणारे इंजेक्टर काढून धुवायला द्यायच्या बेतात आहेस. ते इंजेक्टर तूर्त आहेत तिथेच राहू देत.

गॅरेजवाला 'गाडीत काही दोष नाही' म्हणाला म्हणून तू त्याच्यावर चिडलायस. पण गाडी त्याच्या दारात पोचते तेव्हा खरंच तिच्यात काही दोष नसतो. घरापासून तिथवर जाईपर्यंत इंजिन तापतं आणि दुखणं पळून जातं. तो गाडीच्या संगणकातले आकडे वाचणारा स्कॅनर लावतो, सगळे आकडे ठणठणीत. दोष त्याच्या नजरेचा नाही, वेळेचा आहे. त्याच्याकडून निदान करून घ्यायचंच असेल तर गाडी रात्री तिथेच ठेव आणि त्याला सांग, सकाळी मी आल्याशिवाय किल्ली फिरवू नकोस. मात्र हे काम घरीच, तुझ्याच हातून जास्त चांगलं होईल, कारण गार गाडी रोज सकाळी तुझ्याच दारात उभी असते.

थंडीतच का, हे आधी नीट समजून घे. तेवढं कळलं की निम्मे संशयित आपोआप सुटतात. पेट्रोल थेंबाच्या रूपात जळत नाही, त्याची वाफ व्हावी लागते. इंजिन गार असताना फवाऱ्यातला बराच भाग इनटेकच्या, म्हणजे हवा आत नेणाऱ्या वाटेच्या, गार भिंतींना आणि व्हॉल्व्हच्या पाठीला चिकटून बसतो. सिलिंडरमध्ये हवेत मिसळून जळण्याजोगं जे पोचतं ते कमीच. तापलेल्या इंजिनाला १४.७ भाग हवेला १ भाग पेट्रोल, वजनाने, एवढं पुरतं. गार इंजिनाला तेच प्रमाण दिलं तर ते उपाशी राहतं, म्हणून सुरुवातीची काही मिनिटं पेट्रोल जास्त सोडावं लागतं. बाबांच्या त्या कार्ब्युरेटरच्या गाडीत आपण चोक ओढायचो, आठवतं? आणि तू तो आत ढकलायला विसरायचास, मग मागे काळ्या धुराचा ढग. ते काम तुझ्या आताच्या गाडीत ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, करतो, फरक एवढाच.

आता मुद्द्याची गोष्ट. तापल्यावर मिश्रण बरोबर आहे की नाही हे ईसीयूला ऑक्सिजन सेन्सर सांगतो, आणि त्याप्रमाणे तो पेट्रोल कमी-जास्त करतो. पण तो सेन्सर सुमारे ३०० अंशांपर्यंत तापल्याशिवाय काही बोलतच नाही. तोवर ईसीयू एका ठरलेल्या कोष्टकावरून पेट्रोल सोडतो आणि त्या कोष्टकातली कुठली ओळ वाचायची हे मुख्यतः कूलंटच्या, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याच्या, तापमानाचा सेन्सर ठरवतो. म्हणजे पहिल्या काही मिनिटांत त्या बोटभर पितळी तुकड्याच्या शब्दावर सगळा कारभार चालतो. तो खोटं बोलला तर दुरुस्त करणारं कुणी जागं नसतं. ऑक्सिजन सेन्सर जागा झाला की चूक झाकली जाते, आणि तू म्हणतोस गाडी बरी झाली.

तुझ्या पत्रातली सगळ्यात मोलाची ओळ तू शेवटी ताजा कलम म्हणून लिहिलीस. स्कॅनरवर पी०३०० हा दोषाचा कोड आला होता. पहिला सिलिंडर मिस मारत असता, म्हणजे त्यातलं पेट्रोल मधूनच जळायचं राहत असतं, तर पी०३०१ आला असता, दुसरा असता तर पी०३०२. शेवटी दोन शून्यं म्हणजे मिसिंग एका जागी नाही, कधी इथे कधी तिथे. चारही प्लग किंवा चारही इंजेक्टर एकाच आठवड्यात बिघडणं कठीण, त्यामुळे चौघांनाही सारखंच लागू पडणारं काहीतरी शोधायला हवं. ते म्हणजे हवा, पेट्रोलचा दाब किंवा तापमानाची चुकीची बातमी.

माझ्या गाडीचं असंच झालं होतं. प्लग आणि वायरी बदलून झाल्या, थ्रॉटल बॉडी चकाचक केली. तापमानाच्या सेन्सरचा संशय मला सुरुवातीलाच आला होता. पण डॅशबोर्डवरचा काटा रोज शिस्तीत खालून वर चढताना दिसायचा, म्हणून मी तो सोडून दिला. इथेच फसलो. बऱ्याच जुन्या गाड्यांत काट्याचा सेन्सर वेगळा आणि ईसीयूचा वेगळा असतो, शेजारी शेजारी बसवलेले. काटा खरं सांगत होता. दुसऱ्याला मी कधी विचारलंच नव्हतं.

विचारायला गेलो तर वेगळीच पंचाईत. सकाळी गाडी चालू करून थरथर बघायची, बंद करायची, एअर फिल्टरचं खोकं काढायचं, सेन्सरपर्यंत हात पोचवायचा, एवढं होईपर्यंत कूलंट कोमट झालेलं! मग दुसऱ्या दिवसापर्यंत हात चोळत बसायचं. चार सकाळी अशाच वाया गेल्या. पाचव्या दिवशी डोक्यात प्रकाश पडला की गार इंजिनाला दिवसातून एकच प्रश्न विचारता येतो, तर तो कुठला हे आदल्या रात्रीच ठरवायला हवं. त्या दिवसापासून मी वहीत रोज रात्री एक ओळ लिहायला लागलो, 'उद्याचा प्रश्न'. बायको म्हणाली, इतका अभ्यास कॉलेजात केला असतास तर.

तर तुझा पहिला प्रश्न. त्यासाठी इंजिन चालूसुद्धा करायचं नाही. गाडी रात्रभर, निदान आठ तास, उभी असू दे. सकाळी स्कॅनर लाव, किल्ली फक्त 'ऑन'पर्यंत फिरव, सेल्फ मारू नकोस. दोन आकडे वाच, कूलंटचं तापमान आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान. रात्रभर उभ्या गाडीत दोन्ही जवळपास सारखे हवेत, दोन-चार अंशांचा फरक चालतो. माझ्याकडे हवा ६ अंश होती आणि कूलंट ३१! रात्रभर उघड्यावर उभ्या असलेल्या गाडीत कूलंट ३१ अंश कसं राहील? ईसीयूला वाटत होतं इंजिन कोमट आहे, म्हणून तो हात आखडून पेट्रोल सोडत होता, आणि इंजिन उपाशीपोटी थरथरत होतं.

मग मल्टीमीटरने खात्री केली. सेन्सरचा कनेक्टर काढून त्याच्या दोन पिनांमधला रोध मोजायचा. तापमान वाढलं की हा रोध कमी होतो. बऱ्याच गाड्यांत २० अंशांना २ ते ३ किलोओहम, शून्याजवळ ५ ते ६ किलोओहम आणि ८० अंशांना ३०० ओहमच्या आसपास असतो. तुझ्या गाडीचं नेमकं कोष्टक सर्व्हिस मॅन्युअलमध्ये मिळेल, तेच प्रमाण मान. कनेक्टर काढलास की त्यात डोकावूनही बघ. हिरवट गंज दिसला तर रोध उगाच वाढतो, ईसीयूला इंजिन आहे त्याहून गार वाटतं आणि तो पेट्रोलचा मारा करतो. तेव्हाही गाडी थरथरते, पण प्लग काजळीने काळे होतात आणि मागे पेट्रोलचा वास येतो. जुने प्लग टाकले नसशील तर त्यांचा रंग मला कळव. तो पुरावा आहे. नवे लावण्याआधी पाहिला असतास तर बरं झालं असतं, पण ते जाऊ दे.

सेन्सर बदलल्यावर माझी गाडी सुधारली, पण पुरती नाही. पहिली दोन मिनिटं थोडी धाप लागल्यासारखी चालायचीच. जुन्या गाडीत हे असंच. एका दुखण्याआड दुसरं लपलेलं असतं आणि पहिलं गेल्यावर आपल्याला वाटतं निदानच चुकलं. निदान बरोबर होतं, फक्त अपुरं होतं. दुसरा चोर सापडला इनटेक मॅनिफोल्डच्या मागे, व्हॅक्यूमच्या नळीच्या कोपऱ्यावर. रबर जुनं होऊन थंडीत लाकडासारखं कडक व्हायचं, वळणावरची बारीक चीर उघडायची आणि हिशेबाबाहेरची हवा आत शिरायची. तापल्यावर रबर मऊ पडून चीर मिटायची. दुपारी ती नळी मी दोनदा चाचपली होती, काही कळलं नव्हतं. पहाटे वाकवून बघितली आणि चीर ओठासारखी उघडली.

म्हणून दोन्ही आकडे जुळले, तर तुझा दुसऱ्या दिवसाचा प्रश्न हवेच्या गळतीचा. रात्रीच खोकं काढायच्या क्लिपा सैल करून ठेव. सकाळी गाडी चालू झाली की लगेच नळ्यांवर आणि मॅनिफोल्डच्या सांध्यावर साबणाच्या पाण्याचा बारीक फवारा मार. पंख्यापासून आणि कॉइलपासून हात दूर ठेव. जिथे पाणी आत ओढलं जाईल तिथे आयडलिंगचा, म्हणजे रेस न देता चालणाऱ्या इंजिनाचा, आवाज क्षणभर बदलेल. बरेच लोक यासाठी कार्ब्युरेटर क्लीनर मारतात. मला ते पसंत नाही, एक ठिणगी पुरते. आणि हे सगळं बाहेर, उघड्यावर. थंडी वाजते म्हणून शटर ओढून आत इंजिन चालू ठेवलंस तर माझ्याशी गाठ आहे. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि गार इंजिन तो जास्तच सोडतं.

बॅटरीचं तू लिहिलं आहेस, पण तिच्यावर माझा संशय नाही. थंडीत बॅटरी अशक्त होते हे खरं, पण तिचा त्रास सेल्फ मारताना होतो. गाडी एकदा लागली की अल्टरनेटर १४ व्होल्टच्या आसपास देतो, मग सात मिनिटं थरथरायचं कारण बॅटरी कशी असेल? तुझी गाडी तर एका सेल्फमध्ये लागते.

थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत कूलंट रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप, मात्र बघ. तो उघडाच अडकला असेल तर इंजिन पुरेसं तापतच नाही, काटा लांबच्या रस्त्यावर खाली सरकतो आणि पेट्रोल जास्त जातं. आयडलिंगही बघ. गार असताना ते मिनिटाला हजार फेऱ्यांच्या बरंच वर हवं, मग हळूहळू ८००च्या आसपास उतरायला हवं. पहिल्या क्षणापासून ७००वरच घुटमळत असेल तर आयडल व्हॉल्व्ह अडकलाय. इंजिनाचे माउंट जुने झाले असतील तर गारठ्यात कडक होतात आणि साधी थरथरही भूकंपासारखी स्टिअरिंगवर येते, पण त्याने पी०३०० येत नाही.

यातलं काहीच नसेल, तर मला संशय येईल इनटेक व्हॉल्व्हवरच्या कार्बनच्या थराचा. तो थर स्पंजासारखा असतो. आधीच वाफ कमी, त्यात हा पेट्रोल शोषून घेतो, आणि तापला की सोडतो. तुझं लक्षण याच्याशीही जुळतं. पण ही तपासणी खर्चिक आणि उलगडून करायची, म्हणून तिचा नंबर शेवटचा. आणखी एक गोष्ट लिहायला नको वाटते, पण लिहितो. कूलंटच्या टाकीवर पेनने खूण करून ठेव. आठवड्यात पातळी उतरली, किंवा तापल्यावरही मागचा पांढरा धूर थांबला नाही, तर हेड गॅसकेट, म्हणजे सिलिंडरच्या डोक्याखालची सील, बघावं लागेल. गारठ्यात सुरुवातीला पांढरी वाफ निघतेच, तिला घाबरू नकोस. गॅसकेटमधून रात्रभर पाणी झिरपतं तेव्हा सहसा एखादाच सिलिंडर मिस मारतो आणि कोडही त्याचाच येतो, म्हणून तुझ्या बाबतीत मला ती भीती कमी वाटते.

इंजेक्टर धुवायची वेळ ठरवली असशील तर पुढे ढकल. आज रात्री गाडी बाहेरच ठेव, स्कॅनर आणि टॉर्च पुढच्या सीटवर काढून ठेव, आणि घरात सांगून ठेव की सकाळी तुझ्याआधी कुणी गाडी चालू करायची नाही. माझी एक सकाळ धाकट्याने अशीच घालवली होती, रेडिओ ऐकायला किल्ली फिरवली आणि सवयीने सेल्फही मारला.

हवा किती, कूलंट किती, हे दोनच आकडे कळव. पत्र लिहीत बसू नकोस, तिथूनच फोन कर. मी सहा वाजता उठलेला असतो.

कंबरेला शेक घे. बॉनेटखाली वाकशील तेव्हा एक पाय बंपरवर ठेव, बरं पडतं. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझाच,
विन्या