कॉलरवरचा दोरा

ताई,
सप्रेम नमस्कार.

तुमचे नाव विचारायचे राहून गेले, म्हणून हे पत्र असे उघडपणे लिहीत आहे. आमच्या कार्यालयात ओळखपत्रांचे फोटो काढायला तुम्ही आला होतात, त्या दिवशी मागच्यांना पुन्हा पुन्हा पुढे सोडत रांगेच्या अगदी शेवटी गेलेली, निळ्या शर्टातली बाई म्हणजे मी.

मला सहा वर्षांपासून ल्युपस आहे. शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच अवयवांवर उलटते, असा हा आजार. दहा रुग्णांपैकी साधारण नऊ बायका असतात. आजार वर आला, की माझ्या दोन्ही गालांवर आणि नाकाच्या दांड्यावर फुलपाखराच्या आकाराचा लाल चट्टा उमटतो. नाकपुडीपासून ओठाच्या कोपऱ्यापर्यंत जाणारी घडी तेवढी तो मोकळी सोडतो. ही सीमारेषा मी आता डोळे मिटूनही आखू शकेन. चट्ट्याची लागण कोणालाही होत नाही, हे मात्र मला अजूनही अधूनमधून सांगावे लागते.

त्यात स्टिरॉइडची भर पडली. मूत्रपिंडे वाचली ती याच गोळ्यांनी, त्यामुळे त्यांच्याविषयी माझी तक्रार नाही; परंतु प्रेडनिसोलोनची मोठी मात्रा काही महिने घेतल्यावर गाल इतके भरले, की हसताना डोळे दिसेनासे झाले, मानेमागे चरबीचा उंचवटा आला आणि पोटावर जांभळ्या रेघा उठल्या. मराठीत चंद्रमुखी म्हटले की स्त्रीने सुखावायचे असते. वैद्यकात चंद्रासारखा चेहरा हे दुष्परिणामाचे नाव आहे. ‘मग बंद कर ना त्या गोळ्या’ असे सुचवणारे बरेच भेटतात. त्या एकाएकी बंद करता येत नाहीत, कारण बाहेरून औषध मिळू लागल्यावर मूत्रपिंडांवरच्या ग्रंथी आपले काम मंदावतात आणि त्यांना पुन्हा जाग यायला वेळ लागतो.

लोकांचे म्हणाल, तर सर्वांत आजारी असताना मला सर्वाधिक वेळा ऐकू आलेले वाक्य ‘तब्येत छान सुधारली हं’ हे होते. वजन वाढणे म्हणजे तब्येत सुधारणे, हे समीकरण कोणी मांडले कोण जाणे. ज्या डॉक्टरांकडे मी एकदाच धीर करून चेहऱ्याचा विषय काढला, त्यांनी फाइलमधून मान वर न करता ‘जीव वाचला, आता रूपाचे काय घेऊन बसलात?’ एवढेच म्हटले. जीव वाचल्याचा आनंद मलाही होताच. पण वाचलेला जीव घेऊन रोज चार माणसांत जायचे ते याच चेहऱ्याने, हे त्यांना कोणी सांगावे?

आणि आधीचे ओळखपत्र! ते काढणाऱ्या गृहस्थांनी मला न विचारता चट्टा पुसला, गाल कापून आत घेतले आणि वर ‘बघा, किती फ्रेश दिसताय’ असे सांगितले. त्यांचा हेतू वाईट नसावा. मात्र पुढची दोन वर्षे मी एका अनोळखी, गुळगुळीत बाईचे चित्र गळ्यात घालून फिरले, आणि प्रवेशद्वाराशी कोणी चित्राकडे व माझ्याकडे आळीपाळीने पाहिले, की मीच काही लबाडी केल्यासारखी वरमत असे. पुढे पुढे मी ते कार्ड उलटे करूनच अडकवू लागले.

म्हणून तुमच्यासमोर बसले तेव्हा, काही दुरुस्त करू नका हे वाक्य मी मनात घोकून आले होते. तुम्ही कॅमेऱ्यातून पाहिले, थांबलात, ‘एक मिनिट’ म्हणालात. आता आलेच, असे वाटून माझे खांदे आक्रसले. तुम्ही जवळ आलात आणि माझ्या कॉलरवरचा पांढरा दोरा दोन बोटांनी उचललात. ‘हा उगाच फोटोत आला असता,’ म्हणालात, परत गेलात, आणि फोटो काढलात.

एवढेच घडले. तुम्हाला कदाचित आठवणारही नाही. पण माझ्या त्या सगळ्या रूपात, लाल चट्ट्यासकट, सुजल्यासारख्या गालांसकट, विरळ केसांसकट, तुम्हाला जागच्या जागी नसलेली अशी एकच गोष्ट दिसली आणि ती दोरा होती. नंतर पडद्यावर फोटो दाखवून तुम्ही इतरांना विचारत होतात तेच मलाही विचारलेत: ‘हाच ठेवू?’ आवाज खाली आला नाही, कणव आली नाही. कणवेची मला धास्तीच असते, ताई. तिला उत्तर म्हणून आपणच समोरच्याचे सांत्वन करावे लागते. सभ्यपणा बहुधा असाच असावा, कामात मुरलेला, करणाऱ्यालाही न जाणवणारा. मी ‘ठेवा’ म्हणाले, आणि घरी जाऊन पुष्कळ रडले. दुःखाने नव्हे, हे सांगायला नकोच.

गेल्या महिन्यात गोळ्यांची मात्रा दिवसाला 5 मिलिग्रॅमवर आली. गाल हळूहळू उतरू लागले आहेत, त्यामुळे काही दिवसांनी तुम्ही काढलेला फोटोही माझ्याशी फारसा जुळणार नाही. तरी तो मी बदलून घेणार नाही. कार्ड आता सुलटे असते.

तुमची ऋणी,
रांगेतली शेवटची