सम कुठे यावी : एका बंदिशकार मित्रास पत्र

सांगली,
१६ नोव्हेंबर २०२५

प्रिय श्रीधर,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र दिवाळीच्या आधीच पोहोचले होते. उत्तराला महिना लागला याचे कारण आळस नव्हे. त्यातले एक वाक्य गळ्यात अडकून बसले होते. तू लिहितोस, "भातखंड्यांच्या क्रमिक पुस्तकांचे सहा भाग कपाटात आहेत, त्यांतल्या निम्म्या बंदिशीसुद्धा या जन्मात माझ्या गळ्यावर चढणार नाहीत, मग आणखी एक रचून त्या ढिगावर कशासाठी टाकायची?" हा प्रश्न मी स्वतःलाही अनेकदा विचारला आहे. तरी तो तुझ्या अक्षरात वाचताना वाईट वाटले, कारण बुवांकडे शिकत असताना आपल्या दोघांत बंदिश करण्याचे धाडस आधी तूच केले होतेस आणि तुझे पाहून मी कागद पुढे ओढला होता.

'ढीग' हा शब्द मला मान्य नाही. ज्या भातखंड्यांनी घराण्याघराण्यांतून, उस्तादांची मनधरणी करून त्या बंदिशी गोळा केल्या, ते स्वतः 'चतुर' या नावाने लक्षणगीते, म्हणजे रागाची लक्षणेच शब्दांत सांगणाऱ्या बंदिशी, रचतच होते. त्यांचे शिष्य रातंजनकर लखनौच्या महाविद्यालयाचा कारभार सांभाळून 'सुजान' या मुद्रेने, म्हणजे बंदिशीत गुंफायच्या टोपणनावाने, आयुष्यभर लिहीत राहिले आणि 'अभिनव गीतमंजरी'चे तीन भाग मागे ठेवून गेले. तुझ्या कपाटात जेवढा साठा आहे त्याहून कितीतरी मोठा या दोघांच्या डोक्यात होता. साठ्याने ज्यांचे समाधान व्हायला हवे होते त्यांनाच नवे रचावेसे वाटले, हे तू लक्षात घेतलेले दिसत नाहीस.

मला वाटते, जुन्या बंदिशींत राग सगळाच्या सगळा कधी मावत नाही, आणि जो भाग उरतो तो ज्याला दिसतो त्याला गप्प बसवत नाही. जगन्नाथबुवा पुरोहितांचा, म्हणजे 'गुणीदासां'चा, जोगकंस राग घे. दोन रागांची वळणे त्यांना एकत्र दिसली, पण 'गुणीदास' नुसते आरोह-अवरोह सांगून थांबले असते तर तो राग वहीतच राहिला असता. तो गळ्यागळ्यांत गेला 'सुघर बर पाया' आणि 'पीर पराई' या बंदिशींवर स्वार होऊन. आजही विद्यार्थ्याने जोगकंस म्हणजे काय असे विचारले की आपण स्वर सांगत बसत नाही, मुखडा, म्हणजे बंदिशीची सुरुवातीची ओळ, म्हणून दाखवतो. कुमार गंधर्वांनी तर याच्याही मागे जाऊन पाहिले. देवासला आजारपणात अंथरुणाला खिळलेले असताना कानावर पडणाऱ्या माळव्याच्या लोकधुनांत त्यांना रागांची मुळे दिसली, त्यांतून मालवती, संजारी, लगनगांधार असे धुनउगम, म्हणजे धुनांतून उगवलेले, राग आले, आणि १९६५ साली 'मौज'ने काढलेल्या 'अनूपरागविलास'मध्ये या रागांच्या बंदिशींबरोबर जुन्या, हजारदा गायलेल्या रागांतल्याही त्यांच्या नव्या बंदिशी आहेत. नवे राग हाती असतानाही जुन्या रागात पुन्हा रचावेसे वाटणे, याला ढिगात भर घालणे कसे म्हणायचे?

पण हे मोठ्या माणसांचे झाले, आणि तू म्हणशील की आपण कुमार नव्हे. म्हणून माझ्याच एका बंदिशीची हकिगत सविस्तर सांगतो. तुला ती अर्धीच ठाऊक आहे.

ऑगस्ट २०१९मध्ये कृष्णेचे पाणी आयर्विन पुलाशी ५७ फुटांच्या वर गेले तेव्हा आम्ही गावभागातल्या घराच्या वरच्या मजल्यावर चार दिवस अडकून होतो. तंबोरे माळ्यावर टाकले होते, पेटी पलंगावर आणि पलंग विटांवर. सवयीने पहाटे रियाझाला बसलो आणि महिना पाहून मियाँमल्हार घेतला. बुवांनी दिलेली, आपण दोघांनी वर्षभर घोटलेली ती द्रुत बंदिश तोंडात आली. तीत मेघ गर्जतात, दादुर-पपीहे बोलतात, विरहिणी पियाची वाट पाहते. खाली गल्लीतून होडी चालली होती आणि शेजारच्या आजींना खुर्चीसकट तिच्यात उतरवत होते. मला पुढचा शब्द म्हणवेना. मल्हाराच्या जेवढ्या बंदिशी मला येतात त्या बहुतेक सगळ्या पावसाला बोलावणाऱ्या, नाहीतर पावसात कोणाला तरी बोलावणाऱ्या आहेत. त्याला थांब म्हणणारी एकही माझ्यापाशी नव्हती. चौथ्या दिवशी, हाती काही नसताना, ही ओळ सुचली :

थम जा रे मेहा,
बहि गयो अँगना, बहि गयो द्वार।

काव्य म्हणून यात फारसे काही नाही हे मलाही कळते. पण मियाँमल्हाराच्या आंदोलित, म्हणजे डोलवत लावायच्या, कोमल गंधाराला मी तोवर ढगांचे गांभीर्य समजत आलो होतो. त्या दिवशी त्यात मला पहिल्यांदा भीती ऐकू आली. गंधार तोच होता. ही भीती आधीपासून त्यात असणार, फक्त ती सांगणारे शब्द मला कोणी दिलेले नव्हते. तुझ्या 'कशासाठी'ला माझ्यापाशी यापेक्षा चांगले उत्तर नाही.

आता भाषेविषयी, कारण तू त्यावरही चिडून लिहिले आहेस. सांगलीतल्या पुरावर ब्रजभाषेत का रडायचे, हा तुझा टोमणा बिनतोड आहे. मी मराठीत दोनदा प्रयत्न करून पाहिला. दोन्ही वेळा चीज नाट्यपदाच्या वळणावर गेली. कानाला मराठी शब्दांची आणि रागाची जोडी त्याच रूपात इतकी वर्षे ऐकायची सवय आहे की ख्याल करायला बसले तरी पुढे पेटीचा भरणा आणि टाळी ऐकू येऊ लागते. दुसरी अडचण मात्रांची. ब्रजभाषेत जागा उरली की 'पिया'चा 'पियरवा' होतो, 'बालम'चा 'बलमवा' होतो, शब्द आपणहून लांबी वाढवून देतो. मराठीत 'साजणा'चा 'साजणवा' केला तर समोरची सतरंजी हसेल. तरीही जुन्या बंदिशींतले सगळे सामान तसेच पुढे चालवावे असे मला वाटत नाही. सुमन परवा म्हणाली, "तुम्हा पुरुषांच्या बंदिशींतल्या नणंदेइतकी वाईट नणंद मला अख्ख्या नात्यागोत्यात भेटली नाही." तेव्हापासून मी सास-ननदिया सोडल्या आहेत. मात्र 'मोबाइलवा' घालून आधुनिक होणाऱ्यांच्या वाटेलाही जायचे नाही, एवढे ठरवले आहे.

पुराच्या बंदिशीचे पुढे काय झाले ते ऐक. मी मुखडा असा बांधला होता की 'थम' नेमका समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, यावा. आज्ञा आहे, ती समेवर ठणकावून सांगायची, असा माझा हिशेब होता आणि त्यावर मी बराच खूश होतो. माझ्याकडे एक मुलगी शिकायला येते, दिवसभर औषधांच्या दुकानात उभी असते आणि संध्याकाळी गाते. तिने दोन महिने ही बंदिश मुकाट्याने माझ्या पद्धतीने म्हटली आणि एक दिवस, बहुधा विसरून, उठाण, म्हणजे मुखड्याची सुरुवात, खालीपासून (तालातल्या टाळी नसलेल्या मात्रेपासून) घेतली. नवव्या मात्रेला 'थ', दहाव्याला 'म', अकराव्यापासून 'जा', मग 'रे' लांबवत आणला आणि सम आली 'मेहा'च्या 'मे'वर, थेट गंधारात. मी तबल्यावर ठेका धरला होता, तो हात तसाच राहिला. 'थम' हे अक्षर आखूड आणि मिटलेले आहे. समेवर ते आदळते आणि आवाजाला पुढे जायला वाटच राहत नाही. 'मे'मध्ये एकारान्त लांबी आहे, गंधाराला डोलायला पुरेशी जागा आहे. शिवाय अर्थही बदलला. माझ्या मुखड्यात माणूस पावसाला दटावत होता; तिच्या मुखड्यात तो 'थम जा रे' म्हणेपर्यंत पाऊस समेवर येऊन कोसळतोच. मी तिला चूक आहे असे सांगितले नाही. आठवडाभर मात्र माझ्या जुन्या मुखड्याचा पक्ष मनातल्या मनात लढवत होतो, हे तुझ्यापाशी कबूल करतो.

आता ती बंदिश कोणाची?

हा प्रश्न मला लगेच पडला नव्हता. गेल्या पावसाळ्यात एका मोठ्या शहरातल्या महोत्सवाला श्रोता म्हणून गेलो होतो. एका तरुण गायकाने विलंबित मियाँमल्हारानंतर द्रुतात हीच बंदिश घेतली, आणि तीही 'मेहा'वर सम असलेली, म्हणजे त्या मुलीच्या एखाद्या ध्वनिमुद्रणावरून फोनाफोनी होत ती त्याच्यापर्यंत गेली असणार. निवेदकाने आधी सांगितले होते, "यानंतर एक पारंपरिक बंदिश." पहिल्यांदा राग आला. मग, तुला खोटे वाटेल, छातीत काहीतरी फुगले, कारण ज्या बंदिशीला कोणी पारंपरिक म्हणते ती आपल्या हयातीत परंपरेत जाऊन बसली. परतीच्या वाटेवर महामार्गावर चहाला थांबलो तोवर पुन्हा राग आला होता.

यात त्या गायकाचा दोष मी काढत नाही. माझ्याकडे आलेल्या एका विद्यार्थिनीला मारू बिहागातली 'जागूँ मैं सारी रैना' परंपरेतून आलेली वाटत होती. प्रभाताई अत्र्यांची आहे म्हटल्यावर ती चकित झाली, आणि प्रभाताई तर गेल्याच वर्षी गेल्या. पूर्वी मुद्रा हीच सही असे. सदारंग मोहम्मद शहाच्या नावाला जोडून स्वतःचे नाव ओवत, फैयाज खाँ 'प्रेमपिया' होत, आणि हे नाव गायकाच्या तोंडूनच श्रोत्यांपुढे जाई. पण मुद्रा बहुधा अंतऱ्यात, म्हणजे बंदिशीच्या दुसऱ्या भागात, असते आणि हल्ली अंतरा म्हणतो कोण? पंचवीस मिनिटांत राग, सरगम, तराणा सगळे बसवायचे म्हटल्यावर स्थायीचा, म्हणजे पहिल्या भागाचा, मुखडा तेवढा फिरत राहतो आणि सहीचा कागद पाकिटातच राहतो.

दिल्लीच्या खटल्याबद्दल तू विचारले आहेस. ध्रुपद गाणाऱ्या धाकट्या डागर बंधूंची अडाणा रागातली 'शिवस्तुती' एका तमिळ चित्रपटातल्या गाण्यात उचलली गेली, असा ए. आर. रहमान यांच्याविरुद्ध वासिफुद्दीन डागरांचा दावा आहे. एप्रिलमध्ये उच्च न्यायालयाच्या एकल न्यायाधीशांनी श्रेय द्यावे आणि दोन कोटी रुपये न्यायालयात जमा करावेत असा अंतरिम आदेश दिला, तेव्हा तू फोनवर जवळजवळ ओरडलाच होतास. सप्टेंबरमध्ये खंडपीठाने तो आदेश रद्द केला आणि तू गप्प झालास. मला मात्र त्या दुसऱ्या निर्णयातला एक मुद्दा, आवडला नाही तरी, पटला : एखाद्याने रचना गायली एवढ्यावरून तो तिचा कर्ता ठरत नाही. आपल्याकडे कर्त्याचे नाव न सांगण्याला आपण नम्रता म्हणत आलो. न्यायालयात त्या नम्रतेला पुराव्याची किंमत नाही. अडाणा कोणाच्या मालकीचा नाही, ताल नाही, घराण्याची सर्वसाधारण चालही नाही. मग रचनाकाराचे उरते ते काय, तर कोणता शब्द कोणत्या स्वरावर आणि कोणत्या मात्रेवर ठेवला एवढेच. ते एवढेसे असते म्हणून तर ते लिहून, गाऊन, तारीख घालून ठेवायला हवे. अश्विनी भिडे-देशपांडे यांनी २००४ साली 'रागरचनांजली' काढली तेव्हा स्वरलिपीबरोबर स्वतःच्या आवाजातले ध्वनिमुद्रणही दिले. मला ती पद्धत सर्वांत शहाणपणाची वाटते, कारण आंदोलित गंधार कागदावर 'ग' एवढाच दिसतो.

कायद्याने हक्क रचनाकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षे राहतो, म्हणजे १९७४ साली गेलेल्या सुजानांच्या बंदिशी २०३४ अखेरपर्यंत त्यात मोडतात. पण मैफलीत सुजानांची चीज गाणाऱ्याकडून कोणी पैसे मागावेत असे मला मुळीच वाटत नाही, आणि माझ्या बंदिशीला कोणी हात लावू नये असेही वाटत नाही. तसे वाटले असते तर ती मुलगी 'मेहा'वर समेला आलीच नसती. मला हवे आहे ते इतकेच, की गायकाने बंदिश हवी तशी वळवावी आणि सुरू करण्यापूर्वी नाव सांगावे. नाव सांगायला चार सेकंद लागतात. आपले निवेदक प्रायोजकांना त्याहून पुष्कळ अधिक देतात.

सोबत पुराच्या बंदिशीची स्वरलिपी पाठवत आहे. वर मुलीचा मुखडा लिहिला आहे, तिच्या नावासह, आणि खाली 'मूळ बांधणी' म्हणून माझा. अंतऱ्यात मुद्रा घातलेली नव्हती, ती आता घातली. तिसऱ्या आवर्तनात थोडी ओढाताण झाली आहे, ती तू पाहा आणि निर्दयपणे सांग.

आणि तुझ्या गौडसारंगाचे काय झाले? बेळगावला मागच्या वेळी आलो तेव्हा तू जिन्यात उभ्याउभ्या स्थायी ऐकवली होतीस, तिच्यात तू 'ग रे म ग'ची वळसेदार चाल मुखड्याच्या शेवटी न ठेवता मधोमध टाकली होतीस आणि त्यामुळे सम येण्याआधीच राग उघडा पडत होता. तशी गौडसारंगाची बंदिश माझ्या माहितीत, तुझ्या कपाटातले सहा भाग धरूनही, नाही. अंतरा होत नाही म्हणून तू ढिगाची सबब काढली आहेस, असा मला दाट संशय आहे. जेवढा झाला असेल तेवढा पाठव, फोनवर गुणगुणून नको, मात्रांच्या खुणा करून, कागदावर.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
माधव